शिवाजी पेठ पृथ्वीवर नेमकी कोठे आहे?

काही वर्षांपूर्वीची ही आठवण आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील आजी रात्री अकराच्या सुमारास अत्यवस्थ झाल्या. धर्मगुरूंना निरोप गेला. फादर धर्मग्रामात नवे होते. पेठ त्यांनी दिवसाउजेडीही पुरती पाहिली नव्हती. त्यांना मिळालेला पत्ता असा होता : "उभा मारुती चौकातून सरळ या, पिठाच्या गिरणीपाशी डावीकडे वळा, तालमीच्या मागच्या बोळात तिसरे घर." कोल्हापूरकराला एवढे पुष्कळ झाले. फादर मात्र भलत्याच गिरणीपाशी वळले आणि पवित्र तेलाची कुपी खिशात घेऊन अर्धा तास बोळाबोळांतून फिरत राहिले. अखेर आजींचा नातू बॅटरी घेऊन चौकात जाऊन उभा राहिला, त्याने हाक मारली, आणि फादर घरी पोहोचले. आजी शुद्धीवर होत्या. संस्कार पार पडला आणि पहाटे त्यांनी डोळे मिटले.

पुढे आजींच्या घरी प्रार्थनेसाठी आले असता फादर हसत म्हणाले, "तुमची ही पेठ पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कोठे आहे, हे मला एकदा कोणीतरी समजावून सांगा." सारे हसले. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला.

शाळेतील भूगोलाने त्याचे उत्तर देऊन ठेवलेले आहे. शिवाजी पेठ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १६ अंश ४२ कलांवर आणि ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारे ७४ अंश १३ कलांवर वसली आहे. एका अंशाचे साठ भाग केले की त्यांतील एक भाग म्हणजे एक कला. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. पुस्तकात हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून ती जुळी भावंडे वाटतात. त्यांचा इतिहास पाहू गेल्यास मात्र दोघांच्या स्वभावात मोठे अंतर आढळते. अक्षांश माणसाला आपल्या अंगणात उभे राहून, एकट्याने मिळविता येतो. रेखांश दुसऱ्या कोणाच्या साक्षीवाचून मिळत नाही. ही साक्ष मिळविण्यासाठी माणसाला कित्येक शतके खटपट करावी लागली, आणि त्या कामी ज्यांनी हाडे झिजविली त्यांत आपल्या धर्मगुरूंचाही वाटा आहे. तो इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, असा आमचा हेतू आहे.

दिशेची साक्ष

आरंभ दिशांपासून करू. घराच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याचा वाडा, उत्तरेस बोळ. म्हणजे आपली जागा शेजाऱ्यांच्या नावाने सांगावयाची. शेजारी वाडा विकून गेला, बोळ बुजला, की जुन्या खताचा अर्थ लावता लावता दोन पिढ्या कज्जेदलालीत जातात. म्हणून माणसाने शेजाऱ्याहून टिकाऊ असा साक्षीदार शोधला. तो म्हणजे सूर्य. जुन्या काळी ख्रिस्तमंदिरे बांधताना वेदी पूर्वेकडे ठेवण्याचा प्रघात होता, तोही याच साक्षीदाराच्या भरवशावर.

शिवाजी पेठेच्या लगतच या साक्षीचे एक ठळक उदाहरण आहे. महालक्ष्मीचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. दरवर्षी ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी ते मूर्तीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात असे परंपरा सांगते. कोल्हापूरकर या सोहळ्याला किरणोत्सव म्हणतात. त्याच्या धार्मिक बाजूविषयी लिहिण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु त्यातील भूगोल सर्वांचा आहे.

सूर्य ठीक पश्चिमेस मावळतो, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तो वर्षातून दोनच वेळा, मार्चमध्ये व सप्टेंबरमध्ये, ठीक पश्चिमेस मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर किरणोत्सवाच्या दिवसांत तो पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. मंदिराच्या दाराची आणि मावळतीची रेषा त्या वेळी जुळते. वर्षातून दोनदा हे का घडावे? डिसेंबरच्या २१-२२ तारखेस सूर्य दक्षिणेकडील आपल्या अखेरच्या टोकास असतो. १० नोव्हेंबर हा दिवस त्याच्या सुमारे सहा आठवडे आधीचा आणि १ फेब्रुवारी सुमारे सहा आठवडे नंतरचा. जाताना सूर्य ज्या ठिकाणी मावळतो त्याच ठिकाणी परतताना पुन्हा मावळतो. त्या काळात मावळतीची जागा दररोज सूर्यबिंबाच्या निम्म्याहून अधिक सरकत असते, म्हणून हा योग दोन-चार दिवसांपुरताच टिकतो. या मधल्या मार्गात उभ्या राहिलेल्या उंच इमारतींमुळे किरणांना अडथळा होतो, ही चर्चा कोल्हापुरात बरीच वर्षे चालू आहे. एखादी भिंत हातभर वाढली तरी शेजारच्याची साक्ष पुसली जाते, हे येथे डोळ्यांनी दिसते.

त्या दिवसांतील २ फेब्रुवारी हा आपल्याकडे प्रभूच्या समर्पणाचा, मेणबत्त्या आशीर्वादित करण्याचा सण. एकाच शहरातील दोन उपासनामंदिरांत एकाच दिवशी प्रकाशाचे स्वागत व्हावे, हा योगायोग आम्हाला नेहमीच गोड वाटत आला आहे.

किरणोत्सव इंग्रजी तारखांना स्थिर राहतो, याचेही कारण सांगण्याजोगे आहे. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली पंचांग सुधारले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मोजण्यात आला. आविलाची संत तेरेजा नेमकी त्याच रात्री निवर्तली. ईस्टरची तारीख वसंतसंपातापासून ढळू नये, हा त्या सुधारणेचा हेतू होता. तेव्हापासून ही तारखेची मोजणी सूर्याच्या उत्तर-दक्षिण प्रवासाशी बांधली गेली, म्हणून पश्चिम क्षितिजावरील त्याची जागाही तारखेवरून ओळखता येते.

अंगणातील अक्षांश

दिशा कळली, तरी आपण पृथ्वीच्या कोणत्या पट्ट्यात उभे आहोत हे सांगावयास अक्षांश हवा. तो मिळविण्याचे साधन साधे आहे. रंकाळ्याच्या काठावर स्वच्छ रात्री उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसेल तितकाच, थोड्याशा फरकाने, त्या ठिकाणचा अक्षांश. कोल्हापुरात तो सतरा अंशांच्या आतबाहेर दिसतो. मूठ वळून हात लांब धरला तर दीड-दोन मुठी. दिल्लीत तो अठ्ठावीस अंशांहून वर चढतो, आणि कन्याकुमारीस आठ अंशांवर उतरतो.

आपल्या ज्योतिष्यांनी हेच काम सावलीकडून करून घेतले. बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट जागी उभा करावयाचा आणि दिवस व रात्र समान असतील त्या दिवशी मध्यान्हीची त्याची सावली मोजावयाची. तिला पलभा म्हणतात. कोल्हापूरची पलभा गणिताने ३ अंगुळे ३६ व्यंगुळे येते. अंगुळाचा साठावा भाग म्हणजे व्यंगुळ. उत्तरेकडे जावे तशी पलभा वाढते, दक्षिणेकडे जावे तशी घटते, आणि विषुववृत्तावर ती शून्य होते. म्हणजे गावाची पलभा सांगितली की त्याचा अक्षांशच सांगितल्यासारखे होते.

सावलीचा आणखी एक खेळ मुलांना दाखविण्यासारखा आहे. मे महिन्याच्या ६-७ तारखेस आणि ऑगस्टच्या ५-६ तारखेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. ऑगस्टमध्ये ढग आडवे येतात. मे महिन्यात मात्र हे सहज पाहता येते. घड्याळात बारा वाजता पाहू नये; सुमारे साडेबारा वाजता पाहावे. हा अर्ध्या तासाचा फरक कोठून आला, ते पुढे येईलच.

या साऱ्या कृतींत माणूस एकटा आहे. त्याला काठी, सावली आणि आकाश एवढे पुरते. म्हणूनच अक्षांश प्राचीन काळापासून बऱ्यापैकी अचूक मिळत आला.

रेखांशाची अडचण

रेखांशाचे तसे नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. पूर्वेकडील गावी मध्यान्ह आधी होते, पश्चिमेकडील गावी नंतर. तेव्हा दोन गावांच्या वेळांतील अंतर कळले की त्यांच्या रेखांशांतील अंतर कळते. परंतु शिवाजी पेठेत सूर्य डोक्यावर असताना दुसऱ्या गावी किती वाजले आहेत, हे शिवाजी पेठेतील माणसाला कोण सांगणार? ध्रुवतारा सांगत नाही, काठीची सावलीही सांगत नाही. त्यासाठी दूरच्या गावी कोणीतरी जागे असावे लागते.

आपल्या ज्योतिषशास्त्राने मध्यरेखा उज्जयिनीतून जाणारी मानली होती आणि तिच्यापासूनच्या अंतराला देशांतर असे अर्थपूर्ण नाव दिले होते. ते काढण्याची रीत सूर्यसिद्धान्तात आहे. चंद्रग्रहण पृथ्वीवर सर्वत्र एकाच क्षणी घडते. मध्यरेखेवर ते किती वाजता लागेल हे गणिताने काढावयाचे, आपल्या गावी ते किती वाजता लागले हे पाहावयाचे आणि दोहोंची वजाबाकी करावयाची. आजच्या आकड्यांनी पाहता कोल्हापूर उज्जैनच्या पश्चिमेस सुमारे दीड अंश, म्हणजे वेळेत सहा मिनिटे आहे. रीत निर्दोष होती. अडचण एवढीच की ग्रहणे क्वचित होतात आणि पृथ्वीच्या छायेची कड पुसट असल्यामुळे ग्रहण नेमके केव्हा लागले हे ठरविताना दोन-चार मिनिटांची चूक सहज होते. कोल्हापूरच्या अक्षांशावर वेळेतील एका मिनिटाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे २७ किलोमीटरची चूक. कोल्हापूरहून पन्हाळाही इतका दूर नाही.

ही अडचण आपल्या एका धर्मगुरूंच्या वाट्याला आली. येशूसंघीय फादर अंतोनी मोन्सेरात हे मूळचे कॅटलोनियातले. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघालेल्या पहिल्या मिशनमध्ये, पुढे कुंकळ्ळीस रक्तसाक्षी झालेल्या धन्य रुडोल्फ आक्वाविवा यांच्यासमवेत, ते होते. १५८१ साली बादशहाची स्वारी काबूलकडे निघाली तेव्हा मोन्सेरातही सैन्याबरोबर गेले. वाटेवरच्या मुक्कामांचे अक्षांश त्यांनी मोजले. रेखांश मोजण्याचा उपाय नसल्याने पूर्व-पश्चिम अंतरासाठी चाललेल्या वाटेच्या मोजणीवरच विसंबणे भाग होते. बादशहाच्या मुक्कामापासून मुक्कामापर्यंतची वाट दहा फुटी काठीने मोजली जात असे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांनी काढलेला लहानसा नकाशा उत्तर हिंदुस्थानच्या नकाशांच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे. पुढे इथिओपियाच्या वाटेवर ते पकडले गेले आणि येमेनमधील सनाच्या कैदेत त्यांनी आपला लॅटिन वृत्तान्त पुरा केला. १६०० साली गोव्यातील साष्टीत त्यांचे निधन झाले. ते हस्तलिखित तीनशे वर्षे विस्मृतीत पडून राहिले आणि १९०६ साली कलकत्त्यात सापडले.

ख्रिस्तमंदिरातील किरण

रेखांशाच्या कोड्याचे उत्तर शोधण्यात ज्याचा मोठा हात होता, त्या माणसाने आपल्या कामाची एक पायरी ख्रिस्तमंदिराच्या फरशीवर रचली होती. इटलीतील बोलोन्या येथे सान पेत्रोनियो हे विशाल मंदिर आहे. १६५५ साली जोव्हान्नी दोमेनिको कास्सिनी या ज्योतिर्विदाने त्याच्या छतास, सुमारे २७ मीटर उंचीवर, एक लहान छिद्र ठेवून फरशीवर दक्षिणोत्तर अशी सुमारे ६७ मीटर लांबीची रेषा आखली. दररोज मध्यान्ही सूर्याचा कवडसा त्या रेषेवर कोठेतरी पडतो. उन्हाळ्यात एका टोकाकडे, हिवाळ्यात दुसऱ्या टोकाकडे. कवडशाच्या जागेवरून संपाताचा दिवस आणि त्यावरून ईस्टरची गणना तपासता येई. कोल्हापूरचा किरण पश्चिमेकडून आडवा येतो, बोलोन्याचा वरून खाली येतो. साक्षीदार एकच आहे.

याच कास्सिनीने १६६८ साली गुरूच्या चंद्रांची कोष्टके प्रसिद्ध केली. हे चंद्र गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून शोधले होते. त्यांतील सर्वांत आतला चंद्र दर साडेबेचाळीस तासांनी गुरूभोवती एक फेरी पुरी करतो आणि गुरूच्या छायेत शिरून दिसेनासा होतो. हा क्षण पृथ्वीवरून पाहणाऱ्या सर्वांना एकच. म्हणजे आकाशात एक घड्याळ टांगलेले सापडले, आणि तेही ग्रहणासारखे वर्ष-वर्ष वाट पाहायला न लावणारे. पॅरिसमध्ये ही घटना किती वाजता झाली, आपल्या गावी किती वाजता झाली, एवढे कळले की रेखांश हाती आला.

हे ज्ञान हिंदुस्थानात आले ते जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या जिज्ञासेमुळे आणि येशूसंघीयांच्या पायपिटीमुळे. फादर मानुएल द फिगेरेदो यांच्यासमवेत जयसिंगांनी पोर्तुगालकडे एक शिष्टमंडळ धाडले होते. ते ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके घेऊन परतले. कोष्टकांतील चंद्राचे स्थान आणि आपल्या वेधांतील स्थान यांत जयसिंगांना फरक आढळला, तेव्हा त्यांनी बंगालमधील चंद्रनगरच्या येशूसंघीयांना बोलाविले. फादर क्लोद बुदिये आणि फादर पाँस हे दोघे १७३४ च्या जानेवारीत निघाले. वाटेत जेथे मुक्काम पडे तेथे ते अक्षांश आणि, आकाश अनुकूल असेल तर, रेखांश मोजीत गेले. आग्रा, दिल्ली, जयपूर अशा शहरांची स्थाने त्यांनी निश्चित केली. पुढे मेजर रेनेल याने हिंदुस्थानचा आपला प्रसिद्ध नकाशा रचला तेव्हा बुदिये यांच्या मोजण्यांचा त्याला उपयोग झाला.

याच मालिकेतील तिसरे नाव फादर योसेफ टीफेनथालर यांचे. १७४३ साली ते हिंदुस्थानात आले आणि १७८५ साली लखनौ येथे वारले. मधल्या चार दशकांत त्यांनी उत्तर हिंदुस्थानात विस्तृत प्रवास करून असंख्य गावांचे अक्षांश, अंतरे व वर्णने लिहून ठेवली. त्यांचे लेखन बेर्नुली या विद्वानाने बर्लिन येथे प्रसिद्ध केले. या तिघा-चौघा धर्मगुरूंकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रात्री एकाने आकाश पाहावे, दुसऱ्या खंडातील दुसऱ्याने तेच पाहावे, दोघांच्या वह्या जहाजाने एकत्र याव्यात आणि मग एका गावाचे स्थान ठरावे, असे ते काम होते. अशा वेळी एकट्याच्या विद्वत्तेपेक्षा दोघांचा प्रामाणिकपणा अधिक मोलाचा ठरतो.

समुद्रावरच्या डोलणाऱ्या जहाजातून गुरूचे चंद्र पाहता येत नसत. तो प्रश्न इंग्लंडातील जॉन हॅरिसन या सुताराने सोडविला. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७१४ साली रेखांश शोधणाऱ्यास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावले होते. हॅरिसनने आयुष्य वेचून असे घड्याळ बनविले की ते जहाजातही बिनचूक चालावे. १७६१ साली त्याची जमैकापर्यंत परीक्षा झाली. दूरच्या गावचा साक्षीदार आता पेटीत घालून बरोबर नेता येऊ लागला.

संत थोमाच्या डोंगरापासून

जमिनीवर याहून निराळा मार्ग निघाला. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासेजवळ संत थोमाच्या डोंगराच्या परिसरात पोलादी साखळीने एक रेषा मोजावयास आरंभ केला. प्रेषित थोमाचे रक्तसाक्षित्व परंपरा ज्या ठिकाणी सांगते, त्याच ठिकाणी हिंदुस्थानच्या मोजणीचा पाया घातला गेला. सुमारे १२ किलोमीटरची ती रेषा एकदा नीट मोजली, की तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या उंच ठिकाणाचे कोन घ्यावयाचे; त्रिकोण पुरा होतो आणि तिसरे ठिकाण निश्चित होते. त्यावरून चौथे, चौथ्यावरून पाचवे. अशा रीतीने त्रिकोणांची साखळी सबंध देशभर पसरली.

या कामात आपल्या मराठी माणसांच्या भूमीचाही संबंध आला. १८०८ साली तंजावरास, सरफोजीराजे भोसले यांच्या काळात, तेथील मोठ्या देवळाच्या शिखरावर चढविताना लॅम्ब्टनचे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र दोर तुटून आपटले आणि चेमटले. त्याने ते स्वतःच्या हातांनी, चिकाटीने दुरुस्त केले. वीस वर्षे दक्षिणोत्तर साखळी वाहून आणीत तो विदर्भात पोहोचला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालविले.

साऱ्या साखळीचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या आधाराने ठरत. मद्रासचा ग्रीनिचपासूनचा रेखांश आकाशाच्या वेधांनी काढलेला होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारायंत्राने दूरदूरच्या वेळा क्षणात जुळविता येऊ लागल्या, तेव्हा त्यात सुमारे अडीच कलांची चूक असल्याचे आढळले. म्हणजे हिंदुस्थानच्या जुन्या नकाशांवरील प्रत्येक गाव खऱ्या जागेहून चार-साडेचार किलोमीटर पूर्वेस दाखविले गेले होते. त्या हिशेबाने शिवाजी पेठ आज जेथे शिवाजी विद्यापीठाचा परिसर आहे, साधारण त्याच्या रेखांशावर जाऊन बसली होती! गंमत अशी की कोल्हापूर, मिरज, पन्हाळा यांची परस्परांतील अंतरे अचूक होती. शेजाऱ्याशेजाऱ्यांत सारे नीट जुळत होते, म्हणून घरात बसून ही चूक कोणालाही दिसणे शक्य नव्हते. ती दाखविण्यासाठी समुद्रापलीकडून साक्ष यावी लागली.

स्टेशनावरील घड्याळ

या इतिहासाचा शेवटचा धागा सर्वसामान्य माणसाच्या घड्याळापर्यंत येतो. १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास रेल्वे आली. त्या काळी देशातील रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत असे. मद्रास कोल्हापूरच्या पूर्वेस सुमारे ६ अंश. म्हणजे रेल्वेचे घड्याळ कोल्हापूरच्या सूर्यापेक्षा २४ मिनिटे पुढे. सावली पाहून घरातून निघालेल्या माणसाची गाडी चुकलीच म्हणून समजावे. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ ही देशाची प्रमाणवेळ झाली. मुंबईने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत जपली, पण अखेर तीही देशाच्या वेळेत मिसळली. शिवाजी पेठ या प्रमाणरेखेच्या पश्चिमेस सव्वाआठ अंशांहून किंचित अधिक, म्हणून तेथील मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरीने सुमारे ३३ मिनिटांनी होते. काठीची सावली साडेबाराला पाहावी, असे आम्ही वर म्हटले ते याचसाठी.

आज खिशातील मोबाइल क्षणार्धात अक्षांश-रेखांश दाखवितो. त्यामुळे माणूस आता एकट्याने आपले स्थान जाणू लागला, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः ते यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकते, प्रत्येक संदेश कोणत्या क्षणी निघाला ते पाहते आणि त्यांवरून आपली जागा ठरविते. उपग्रहांतील घड्याळे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होईल. शिवाजी पेठेत तेवढ्यात अनेक बोळ मागे पडतात. साधने बदलली, परंतु मूळ गोष्ट तीच राहिली. दूर कोठेतरी कोणीतरी वेळ नीट राखीत आहे, म्हणून आपल्याला आपली जागा कळते.

फादरांच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हाला देता येईल, असे वाटते. शिवाजी पेठ १६ अंश ४२ कला आणि ७४ अंश १३ कला यांच्या छेदावर आहे. यातील पहिला आकडा कोल्हापूरच्या आकाशाने दिला. दुसरा उज्जयिनीने, बोलोन्याच्या किरणाने, चंद्रनगरच्या दोन धर्मगुरूंच्या वहीने, संत थोमाच्या डोंगराखाली ताणलेल्या साखळीने आणि मद्रासची चूक दाखविणाऱ्या तारेने दिला. त्यांतील कोणाचाही धर्म, देश किंवा भाषा एक नव्हती. त्यांनी एकमेकांची साक्ष मात्र खरी मानली, आणि चूक आढळली तेव्हा ती सुधारली.

एवढे सारे आकडे त्या रात्री फादरांच्या हाती असते, तरी शेवटच्या बोळात त्यांना बॅटरी घेऊन उभ्या राहिलेल्या त्या नातवाचीच गरज पडली असती. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना म्हणून आमची एक विनंती आहे. घरी कोणी आजारी असेल, तर पत्ता सांगून थांबू नये. कोणीतरी चौकात जाऊन उभे राहावे.